ऑनलाइन रिट्रीटमध्ये बेनेडिक्टाइन साधनेचा स्वतःचा अनुभव कसा सांगावा: तयारीपासून शेवटच्या शब्दापर्यंत

गेली काही वर्षं मी बेनेडिक्टाइन साधनेच्या ऑनलाइन रिट्रीटमध्ये अनुभवकथनाच्या सत्रांचं संचालन करते. बेनेडिक्टाइन साधना म्हणजे संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीवर आधारलेली ख्रिस्ती साधना, आणि रिट्रीट म्हणजे रोजची कामं बाजूला ठेवून प्रार्थनेसाठी काढलेला वेळ. साधना मनापासून करणारी माणसंसुद्धा या सत्रात अडखळतात. कोणी संत बेनेडिक्टविषयी दहा मिनिटांचं व्याख्यान देतं. कोणी घरातल्या माणसांची गाऱ्हाणी सुरू करतं आणि मग थांबता येत नाही. कोणी साक्ष देतं: आधी सगळं वाईट होतं, मग प्रार्थना केली, आता सगळं छान आहे. साक्षीला तिचं स्थान आहे, पण रिट्रीटमधलं कथन वेगळं असतं. ज्याच्याकडे खरोखर सांगण्यासारखं असतं, तो बहुतेक वेळा म्हणतो, "माझं काही विशेष नाही, पुढच्यांना द्या."

या सगळ्याचं मूळ एकच आहे. काय सांगायचं हे आपला नंबर आल्यावर ठरवलं जातं. खरी तयारी दोन आठवडे आधी सुरू व्हायला हवी, आणि तिचे टप्पे एकामागून एक ठरलेल्या क्रमाने घ्यावे लागतात. क्रम उलटला की कथन फसतं, म्हणून खाली तो सविस्तर देते.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्या. बेनेडिक्टच्या नियमावलीत प्रास्ताविक आणि ७३ अध्याय आहेत, आणि त्यांत "अनुभवकथनाचं सत्र" असा प्रकार कुठेच नाही. त्याच्या जवळपास जाणाऱ्या जागा तीनच. तिसऱ्या अध्यायात मठाधिपती सगळ्या बंधूंना सल्ल्यासाठी बोलावतो. सातव्या अध्यायात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत, त्यातल्या पाचव्या पायरीवर बंधू मनातले वाईट विचार मठाधिपतीपासून लपवत नाही. सेहेचाळिसाव्या अध्यायात आतलं पाप फक्त मठाधिपतीपाशी किंवा जाणत्या ज्येष्ठापाशी उघड करायला सांगितलं आहे. याउलट कमी बोलण्यावर सबंध सहावा अध्याय आहे. म्हणजे ही परंपरा मुळात ऐकणाऱ्यांची आहे, आणि नियमावलीचा पहिला शब्दच "ऐक" असा आहे. तिथे आपण बोलायला उभे राहतो, तेव्हा शब्द जपून वापरायला हवेत.

## हाताशी काय हवं

एक वही, फोनमधली नोंद नव्हे. नियमावलीचं समजेल अशा भाषेतलं भाषांतर. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांचं पुस्तक. घड्याळ. तारेचा साधा इयरफोन. आणि रिट्रीटच्या आधी किमान बारा दिवस.

## टप्पा १: आधी एकच गोष्ट पाळा

बारा दिवसांसाठी नियमावलीतली एकच गोष्ट निवडा. खालच्यांपैकी कोणतीही चालेल:

- सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी एकेक स्तोत्र म्हणणं. वेळ झाली की हातातलं काम आहे तिथे सोडून उठायचं. त्रेचाळिसाव्या अध्यायाची सुरुवात याच सूचनेने होते.
- रोज वीस मिनिटं लेक्शिओ डिव्हिना, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या छोट्या उताऱ्याचं सावकाश, प्रार्थनापूर्वक वाचन.
- रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन. याचा आधार बेचाळिसावा अध्याय.
- हाताने करायचं एखादं रोजचं काम मन लावून, कुरकुर न करता करणं.

यातल्या दोन गोष्टी एकदम धरू नका. आठव्यापासून अठराव्या अध्यायापर्यंत प्रार्थनेच्या वेळांचा आणि स्तोत्रांच्या वाटणीचा तपशील आहे: दिवसा सात वेळा, रात्री एकदा, आणि आठवड्याभरात सगळी १५० स्तोत्रं. हे वाचून नव्या माणसाला उत्साह येतो आणि तो पहिल्याच दिवशी पाच वेळा प्रार्थना करायचं ठरवतो. चौथ्या दिवशी सगळं मोडतं. मग रिट्रीटमध्ये सांगायला हाती राहतो फक्त अपराधीपणा.

रोज वहीत एक ओळ लिहा: किती वाजता, काय केलं, काय घडलं. भावना लिहू नका, घडलेलं लिहा. "मन प्रसन्न झालं" ही ओळ बारा दिवसांनी वाचली तर काहीच आठवत नाही. "गजर झाला, तरी मेसेज पूर्ण करून मग उठले" ही ओळ वाचली की तो सगळा क्षण परत उभा राहतो.

तपासणी: बारा दिवसांनंतर वहीत किमान आठ ओळी असाव्यात, आणि त्यातल्या दोन-तीन तरी न जमलेल्या दिवसांच्या. सगळ्याच ओळी यशाच्या असतील तर लिहिताना काहीतरी गाळलं जातंय.

## टप्पा २: एक प्रसंग निवडा

वही उघडा आणि कोणत्या ओळीपाशी नजर थबकते ते पाहा. तीच ओळ घ्या. ती बहुतेकदा सर्वांत लहान आणि थोडी लाजवणारी असते.

माझंच उदाहरण देते, कारण पुढच्या सगळ्या टप्प्यांना ते उपयोगी पडेल. मी रात्रीच्या मौनाची साधना करत होते. नवव्या दिवसाची माझी ओळ अशी होती: "रात्री दहा. करपलेलं पातेलं. आपटून घासलं." एवढंच. बाकीच्या ओळींमध्ये शांतता होती, चांदणं होतं, एके दिवशी डोळ्यांत पाणीही आलं होतं. पण थबकले ते त्या पातेल्यापाशी.

प्रसंग कामाचा आहे का, हे पाहायला तीन प्रश्न पुरतात. तो कुठे घडला हे बोट दाखवून सांगता येतं का? त्यात हाताला लागणारी एखादी वस्तू आहे का? तो पाच-दहा मिनिटांत घडून गेला का? तिन्हींची उत्तरं "हो" असतील तर प्रसंग पक्का समजा. "गेल्या वर्षभरात माझ्यात खूप बदल झाला" हा प्रसंग होत नाही. तो निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष ऐकणाऱ्याच्या हाती काही देत नाही.

सावधान: सर्वांत मोठा अनुभव शोधत बसू नका. चमत्कार, दृष्टांत, आजारातून बरं होणं यांना जागा आहे, पण चार मिनिटांच्या ऑनलाइन फेरीत या गोष्टी मावत नाहीत. शिवाय त्यानंतर ज्याचा नंबर असतो, त्याला आपला अनुभव क्षुल्लक वाटू लागतो आणि तो गप्प बसतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

## टप्पा ३: मगच नियमावली उघडा

इथे क्रम उलटण्याची चूक सर्वाधिक होते. लोक आधी आवडतं वचन निवडतात आणि मग त्याला साजेसा प्रसंग आठवायला बसतात. तसं केलं की प्रसंग वचनाच्या मापाने कापला जातो आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. आधी प्रसंग पक्का करा, त्यानंतर त्याला भिडणारी नियमावलीतली एक ओळ शोधा.

शोधायला सुरुवात म्हणून काही जागा देते. अवजारं, भांडी, वस्तू यांच्याशी वागणं एकतिसाव्या अध्यायात आहे. आजारी माणसाची सेवा छत्तिसाव्यात, म्हातारी माणसं आणि मुलं सदतिसाव्यात. कुरकुरीविषयी बेनेडिक्ट वारंवार बोलतो, चौतिसाव्या आणि चाळिसाव्या अध्यायात तर फार स्पष्टपणे. दारी आलेला पाहुणा ख्रिस्त आहे असं समजून त्याचं स्वागत करणं त्रेपन्नाव्यात. आवाक्याबाहेरचं काम गळ्यात पडलं तर काय करावं, हे अडुसष्टाव्यात. प्रार्थना थोडकी आणि निर्मळ असावी, हे विसाव्यात. काहीच सापडलं नाही तर प्रास्ताविक वाचा. अंतःकरणाचा कान लावून ऐकण्याची गोष्ट तिथे आहे, आणि ती सहसा कुठल्याही प्रसंगाला लागू पडते.

माझ्या पातेल्याला एकतिसावा अध्याय भेटला. मठाच्या कोठाऱ्याने तिथली सगळी भांडी आणि सगळी मालमत्ता वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजावी, असं तिथे म्हटलं आहे.

सावधान, या चार गोष्टी बेनेडिक्टच्या नियमावलीतल्या म्हणून सांगू नका:

"प्रार्थना करा आणि काम करा" हे प्रसिद्ध ब्रीद नियमावलीत शब्दशः कुठेच नाही. ते पुढच्या काळात रूढ झालं. आळस हा आत्म्याचा शत्रू आहे, म्हणून ठरलेल्या वेळी हाताने काम आणि ठरलेल्या वेळी वाचन, असं अठ्ठेचाळिसावा अध्याय सांगतो. तेच सांगा.

लेक्शिओ डिव्हिनाच्या वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन या चार पायऱ्याही नियमावलीत नाहीत. त्या १२व्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसियन मठवासीयाने मांडल्या. बेनेडिक्टने वाचनाला दिवसातला मोठा वेळ राखून ठेवला, पद्धत बांधून दिली नाही.

विषाचा पेला फुटणं किंवा कावळ्याने विषारी भाकर उचलून नेणं या बेनेडिक्टच्या आयुष्यातल्या कथा महान ग्रेगरी पोप यांच्या संवादग्रंथाच्या दुसऱ्या भागातल्या आहेत.

"आपण रोज नव्याने सुरुवात करतो" हे वाक्य बेनेडिक्टच्या नावावर खूप फिरतं. नियमावलीत ते सापडत नाही. शेवटच्या, ७३व्या अध्यायात तो आपल्या नियमावलीला सुरुवात करणाऱ्यांसाठीची लहानशी नियमावली म्हणतो, तेवढंच आहे.

## टप्पा ४: चाळणी

या टप्प्यावर घाई करू नका. आधीचे तीन टप्पे थोडेफार चुकले तरी निभावतं. इथे चूक झाली तर कोणाला तरी दुखापत होते.

पहिली चाळणी: ही गोष्ट नक्की कोणाची आहे? माझ्या पहिल्या खर्ड्यात ते पातेलं कोणी करपवलं, ते तसंच कोणी टाकलं, आणि हे घरात कितव्यांदा घडलं, हे सगळं होतं. कागदावर ते दोन परिच्छेद झाले होते. परत वाचताना लक्षात आलं की मी अनुभव सांगत नाहीये, तक्रार नोंदवतेय, आणि ज्याच्याविरुद्ध नोंदवतेय तो माणूस पडद्यावर नसणार. दोन्ही परिच्छेद काढले. त्यांच्या जागी एक वाक्य उरलं: "ते मी करपवलेलं नव्हतं." तेवढ्याने ऐकणाऱ्याला माझा राग कळतो आणि घरातलं कोणीही उघडं पडत नाही.

नवरा, बायको, सासू, मुलं, धर्मगुरू, मठातल्या भगिनी, कार्यालयातले सहकारी यांच्यापैकी कोणी गोष्टीत असेल, तर स्वतःला विचारा: हा माणूस आत्ता याच मीटिंगमध्ये बसला असता, तर मी हे वाक्य म्हटलं असतं का? उत्तर "नाही" आलं तर वाक्य काढा. नाव बदलून भागत नाही. ओळखीचे लोक दोन खुणांवरून माणूस ओळखतात.

दुसरी चाळणी: जखम भरली आहे का? सेहेचाळिसाव्या अध्यायात फार शहाणपणाची सूचना आहे. आत्म्यातलं लपलेलं पाप मठाधिपतीपाशी किंवा आध्यात्मिक ज्येष्ठांपाशी बोलावं, कारण स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जखमा उघड्या न टाकता बऱ्या कशा करायच्या, हे त्यांना माहीत असतं. ऑनलाइन गटात आठ अनोळखी चेहरे असतात. त्यांना ते माहीत असेलच असं नाही, आणि मीटिंग संपल्यावर तुम्ही खोलीत एकटे उरता. म्हणून ज्या गोष्टीची जागा प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापांची कबुली देण्यात आहे, ती तिथेच न्या. ज्या गोष्टीची जागा आध्यात्मिक मार्गदर्शकापाशी आहे ती त्यांच्यापाशी. ताजा मृत्यू, छळ, जगणं नकोसं वाटणं असं काही मनात असेल तर गटात बोलण्याआधी संचालकांना वेगळा फोन करा, आणि डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्या. रिट्रीट त्यासाठी थांबू शकते.

तिसरी चाळणी लहान आहे. कथनात कुठेही आपली साधना इतरांपेक्षा बरी दिसत असेल, तर ते वाक्य काढून टाका.

तपासणी: गाळून उरलेलं एका विश्वासू माणसाला वाचून दाखवा आणि एवढंच विचारा: "यात कोणाला लागेल असं काही आहे का?" कसं वाटलं, हे विचारू नका. कौतुक ऐकलं की पुढच्या खर्ड्यात भर पडत जाते.

## टप्पा ५: लिहा, पण बोलता तसं

चाळून झालं की मगच पूर्ण लिहायला बसा. रोज बोलता त्याच मराठीत लिहा. व्यासपीठावर उभं राहिलं की आपल्या तोंडात एक वेगळी मराठी येते: "प्रभूच्या असीम कृपेने मजसारख्या पामराला". ती घरी ठेवा.

मराठीत बोलताना एक गोष्ट आपल्या नकळत घडते. वाक्य "मी"ने सुरू होतं आणि "आपण"वर घसरतं. "मी पातेलं आपटलं. कारण आपण रागात असतो ना, तेव्हा आपल्याला कळत नाही. माणसाने अशा वेळी थांबायला हवं." तीन वाक्यांत अनुभवाचं प्रवचन झालं. खर्डा हातात घ्या आणि प्रत्येक "आपण", "माणसाने", "करायला हवं", "लक्षात घेतलं पाहिजे" यांखाली रेघ मारा. रेघ मारलेलं प्रत्येक वाक्य "मी"ने पुन्हा लिहा. लिहिता येत नसेल तर ते वाक्य तुमच्या अनुभवातलं नव्हतं, ते काढून टाका.

माझं शेवटी असं झालं:

"गेले काही दिवस मी रात्रीच्या प्रार्थनेनंतर बोलत नाही. नवव्या रात्री सिंकमध्ये करपलेलं पातेलं पडलं होतं. ते मी करपवलेलं नव्हतं. मी घासायला घेतलं आणि आपटायला लागले. तोंडाने गप्प होते, पण आवाज सगळ्या घरात जात होता. मधेच लक्षात आलं की मी मौन पाळतच नाहीये, पातेल्याकडून बोलून घेतेय. एकतिसाव्या अध्यायात मठातल्या भांड्यांविषयी म्हटलंय, की ती वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजावीत. ते मी कितीदा वाचलं होतं. त्या रात्री माझे हात साबणाने भरलेले होते आणि ते वाक्य आठवलं. मी नळ बंद केला. पातेलं ओट्यावर ठेवलं, आवाज न करता. थोड्या वेळाने परत घासायला घेतलं. राग गेला नव्हता. हात मात्र हळू झाला."

हे संथपणे बोलायला दीड मिनिट लागतं. शेवटचं वाक्य लिहिल्यावर मला आणखी दोन वाक्यं जोडायची फार इच्छा झाली होती: तेव्हापासून घरात शांतता आहे, देवाने मला धडा शिकवला. पहिलं खरं नव्हतं. दुसरं खरं असेलही, पण ते ऐकणाऱ्याने स्वतः ठरवायचं. राग शिल्लक होता, म्हणून तो तसाच ठेवला.

## टप्पा ६: घड्याळ लावून मोठ्याने वाचा

मनातल्या मनात वाचलेला वेळ धरू नका, तो नेहमी कमी भरतो. उभं राहून मोठ्याने तीनदा वाचा. चार मिनिटं दिलेली असतील तर तीन मिनिटांत बसवा. उरलेलं मिनिट श्वासाला, आवाज अडकण्याला आणि मधल्या शांततेला लागतं. तिसऱ्या वेळी कागद उलटा ठेवून बोला. वाक्यं इकडची तिकडे झाली तरी चालतील. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पाठच हवं, कारण माणूस अडकतो तो सुरू करताना आणि थांबताना.

मापासाठी सातव्या अध्यायातली अकरावी पायरी पाहा: सौम्यपणे, थोडक्यात, समजूतदारपणे, आवाज न चढवता बोलणं. तिसऱ्या वाचनानंतर या चारही खुणा आहेत का, ते बघा.

## टप्पा ७: जागा आणि यंत्र

हे आदल्या दिवशी उरकून घ्या. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येईल असा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. उजेड समोरून येऊ द्या, पाठीमागे खिडकी नको. इयरफोन लावा, नाहीतर इतरांच्या आवाजाचा प्रतिध्वनी परत त्यांच्याच कानात जातो, आणि स्पीकर चालू राहिला तर इतरांचं खासगी बोलणं तुमच्या घरात ऐकू जातं. ही दुसरी गोष्ट फार जण विसरतात. फोनवरून येणार असाल तर येणारे कॉल बंद ठेवा. घरच्यांना वेळ सांगून ठेवा.

बावन्नाव्या अध्यायात म्हटलं आहे की प्रार्थनामंदिर हे नावाप्रमाणे असावं, तिथे दुसरं काही करू नये, ठेवू नये. रिट्रीटच्या तासांपुरता तुमचा कोपरा तसा ठेवा. त्याच टेबलावर बिलं, औषधं आणि चार्जरचा गुंता असेल तर दुसरी जागा बघा. कागद, पाणी आणि नियमावली एवढंच समोर असू द्या.

तपासणी: संचालकांना तीन प्रश्न आधीच विचारून घ्या. रेकॉर्डिंग होणार आहे का? गटात किती जण असतील? चॅट चालू असेल की बंद? रेकॉर्डिंग होणार असेल तर तुमच्या कथनापुरतं ते थांबवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, मागताना अवघडू नका. थांबवता येत नसेल तर त्या सत्रात फक्त ऐका.

सत्राला दहा मिनिटं आधी जोडलं जा. उशीर झाल्यास गुपचूप आत या. कॅमेऱ्यात हात हलवून, चॅटमध्ये क्षमा मागून चालू कथन तोडू नका.

## टप्पा ८: प्रत्यक्ष बोलताना

मठात जेवताना वाचन चालतं. अडतिसाव्या अध्यायानुसार आठवड्याचा वाचक आपलं काम सुरू करताना सगळ्यांना प्रार्थनेची विनंती करतो, म्हणजे देव त्याच्यापासून गर्व दूर ठेवील. मग "हे प्रभू, माझे ओठ उघड" हे ५१व्या स्तोत्रातलं वचन सगळे मिळून तीनदा म्हणतात. तुमचा नंबर आला की म्यूट काढण्याआधी ते वचन मनात एकदा म्हणा. तेवढ्यात आवाज स्थिर होतो.

नंतर थेट पहिलं वाक्य. "मला फारसं बोलता येत नाही", "आधीच्या ताईंनी इतकं सुंदर सांगितलं की आता मी काय सांगणार" या प्रस्तावना टाळा. त्या नम्र वाटतात खऱ्या, पण सगळ्यांचं लक्ष प्रसंगावरून उठून तुमच्यावर येतं.

कॅमेऱ्याच्या भिंगाकडे सतत पाहायची गरज नाही. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसत असेल तर तो लपवा, त्याच्याकडे नजर जातच राहते. आवाज तुटला आणि कोणी सांगितलं, तर एक वाक्य मागे जाऊन पुढे चला. पहिल्यापासून परत सुरू करू नका.

रडू आलं तर थांबा. क्षमा मागू नका, पाणी प्या, जमलं तर पुढचं वाक्य बोला. नाही जमलं तर हात जोडा आणि म्यूट करा. कथन अपुरं राहिलं तरी चालतं.

शेवटचं वाक्य झालं की म्यूट. "बस, एवढंच होतं, काही चुकलं असेल तर..." याने आधीचं सगळं पुसलं जातं. त्यानंतरची शांतता ऑनलाइन फार लांब वाटते. कोणी हललं नाही, बोललं नाही, की वाटतं कोणाला आवडलं नाही. ते ऐकत असतात. तुम्हीही त्या शांततेत बसून राहा.

## टप्पा ९: इतरांचं ऐकणं

तुमच्या चार मिनिटांच्या आधी आणि नंतर तासभर दुसरे बोलणार असतात. आपला नंबर येईपर्यंत आपल्याच खर्ड्यावरून नजर फिरवत राहणं ही इथली मोठी चूक. कागद उलटा करून ठेवा.

सल्ला देऊ नका. हे मी एकदा केलं होतं, आणि अजून त्याची रुखरुख आहे. एका ताईंनी प्रार्थनेतल्या कोरडेपणाविषयी सांगितलं. त्यांचं बोलणं संपताच मी म्यूट काढून त्यांना दोन स्तोत्रं सुचवली, मनापासून आणि प्रेमाने. त्यांनी मान हलवली. दुपारच्या सत्राला त्या आल्या नाहीत. त्यांना उपाय नको होता, तो कोरडेपणा कोणीतरी ऐकायला हवा होता. तेव्हापासून माझ्या सत्रांत प्रत्येक कथनानंतर एक मिनिट सगळे म्यूटवर असतात, मी धरून.

याच कारणासाठी कथन चालू असताना चॅटमध्ये हात जोडल्याच्या, हृदयाच्या खुणा टाकू नका. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या टिकटिक उमटत राहतात आणि तो त्या मोजू लागतो. "माझंही अगदी असंच झालं होतं" हेही नको. तुमचं तसं झालं असेल, तर ते वहीत लिहा.

संचालन करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एका गटात सहा ते आठ जण पुरेत, त्याहून मोठा गट असेल तर ब्रेकआउट रूम, म्हणजे मीटिंगमधल्याच वेगळ्या छोट्या खोल्या करा. आणि नव्या माणसाला शेवटी ठेवू नका. पुष्कळदा देव धाकट्याला अधिक चांगलं ते प्रकट करतो, म्हणून सल्ल्याला सगळ्यांना बोलवा, असं तिसरा अध्याय सांगतो. शेवटी ठेवलेला नवा माणूस तोवर इतका दबलेला असतो की तो पुढच्यांचेच शब्द वापरून बोलतो.

## टप्पा १०: सत्र संपल्यावर

ऐकलेलं दुसऱ्या दिवशी कोणालाही सांगू नका. घरी नाही, प्रार्थना-गटात नाही, "एका बाईंचा फार सुंदर अनुभव ऐकला" अशा रूपातही नाही. सदुसष्टाव्या अध्यायात बेनेडिक्ट प्रवासाहून परतलेल्या बंधूला बाहेर पाहिलेलं-ऐकलेलं मठात कोणाला सांगू देत नाही, कारण त्याने फार नुकसान होतं. तो नियम वेगळ्या प्रसंगाचा आहे, पण त्यातली काळजी इथे तंतोतंत लागू पडते. स्क्रीनशॉट घेतले असतील तर पुसून टाका. इतरांची कथनं वहीत लिहिली असतील तर ती पानं फाडा.

बोलून झाल्यावर त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी एक विचित्र रितेपण येतं. आपण जास्त बोललो, नको ते बोललो, असं वाटत राहतं. ते बहुतेकांना होतं. गटात मेसेज टाकून खुलासा करायला जाऊ नका, त्याने विषय पुन्हा उघडतो. दोन दिवसांनीही मन हलकं झालं नाही तर आध्यात्मिक मार्गदर्शकांशी किंवा संचालकांशी बोला. ठरलेली प्रार्थना मात्र त्या रात्रीही चुकवू नका, आणि वहीत ओळ लिहा, रिट्रीट संपली असली तरी.

सांगून झालेला प्रसंग पुढच्या रिट्रीटमध्ये पुन्हा वापरू नका. तो लोकांना आवडला असेल तर नक्कीच नको, कारण दुसऱ्यांदा सांगताना तो नकळत अधिक सुबक होतो आणि त्यातला शिल्लक राग, शिल्लक कोरडेपणा गळून जातो. मला पातेल्याची गोष्ट परत सांगायला दोनदा विचारलं गेलं, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. पुढच्या रिट्रीटची तारीख कळली की वहीत कोरं पान काढा, नवी एक गोष्ट पाळायला घ्या आणि पहिल्या टप्प्यापासून बारा दिवस मोजा.